विहीणबाई, चला ब्रायटनला!

मैत्रिणींनो, लेकीचं नाहीतर सुनेचं बाळंतपण करायला विलायतेला जाणाऱ्या बायका आता काही नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. आपल्या गल्लीत, भिशीत, भजनी मंडळात अशी एक तरी असतेच. जाताना बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, बाळाची लंगोटं आणि झबली भरभरून नेलेली असतात. सहा महिन्यांनी ती परत येते. आपण हौसेने विचारतो, "काय काय पाहिलंस गं लंडनला?" आणि ती म्हणते, "कसलं पाहणं घेऊन बसलीस! शनिवार-रविवारी मुलं नेतील तिकडे जायचं. एरवी आपली खिडकी आणि आपण."

मी स्वतः या खिडकीतच होते. गेल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी लंडनला हॅरो भागात राहिले. पहिले तीन महिने बाळाच्या न्हाण्यामाखण्यात कसे गेले ते कळलंही नाही. नंतर मात्र घर खायला उठू लागलं. तेवढ्यात जावयांच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, नातवाला पाहायला आल्या. एका छोट्या घरात दोन आज्या! लग्नात त्या वरमाय आणि मी मुलीकडची. त्यामुळे माझं आपलं "तुम्ही बसा हो, मी करते" आणि त्यांचं "छे, छे, तुम्ही दमलात" असं चालायचं. भांडण नव्हतं, पण मोकळेपणाही नव्हता.

विहीणबाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. एकदा भाजी निवडताना त्या सहज म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मी एकदाही तिकीट काढलं नाही. ते काढायचे, मी पाठोपाठ जायची. आता मुलगा काढतो." मग थोडं थांबून म्हणाल्या, "इथून समुद्र लांब आहे का हो?"

त्यांच्या या प्रश्नावरूनच हा लेख लिहिते आहे. लंडनहून समुद्राकाठी जायचे किती रस्ते आहेत, कुठला सोपा, कुठला स्वस्त, आणि आपल्यासारखीने कुठे जपावं, हे सगळं आम्ही दोघींनी चौकशी करकरून गोळा केलं. काही गोष्टी फजिती होऊन शिकलो. तुमची फजिती टळावी म्हणून तीही सांगणार आहे.

ब्रायटनच का?

लंडनच्या माणसाला समुद्र आठवला की पहिलं नाव निघतं ते ब्रायटनचं. लंडनच्या दक्षिणेला सुमारे 80 किलोमीटरवर हे गाव आहे. मुंबईहून नेरळ जेवढं, जवळजवळ तेवढंच म्हणा ना! सकाळी नाश्ता करून निघावं आणि दिवेलागणीला घरी परतावं असं हे अंतर. मुक्कामाची भानगड नाही, की बाळ-बाळंतिणीला फार वेळ एकटं सोडायला नको.

लंडनहून इथे रेल्वे आली ती 1841 साली. त्यापूर्वी ब्रायटन हे राजाचं आणि बड्या लोकांचं हवापालटाचं ठिकाण होतं. रेल्वे आल्यावर साधी कष्टकरी माणसंही सुट्टीच्या दिवशी समुद्रावर येऊ लागली. आणि गंमत ऐका. ब्रायटनपर्यंत विजेची गाडी धावू लागली 1933 साली. आपल्या बोरीबंदरहून कुर्ल्याला विजेची गाडी सुटली 1925 साली! विहीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांची मान अशी काही ताठ झाली म्हणता!

आगगाडी: सगळ्यांत सोपी

आमच्या मते बायकांनी एकट्यादुकट्याने जायचं तर आगगाडीसारखी सोय नाही. गाड्या दिवसभर असतात, डब्यात स्वच्छतागृह असतं, आणि ब्रायटन हे शेवटचं स्टेशन असल्यामुळे उतरायचं राहून जाईल ही धास्ती नाही.

लंडनहून ब्रायटनला जायचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला व्हिक्टोरिया स्टेशनावरून. तिथून सुमारे तासाभरात ब्रायटन येतं. व्हिक्टोरिया हे आपल्या बोरीबंदरसारखंच. गाड्या तिथूनच सुटतात, म्हणून गाडी आधी येऊन उभी असते आणि निवांत खिडकी धरून बसता येतं. ही गाडी थेम्स नदी ओलांडते तेव्हा बॅटरसीच्या जुन्या वीजकेंद्राची चार पांढरी धुराडी दिसतात.

दुसरा मार्ग थेम्सलिंक नावाच्या गाड्यांचा. या गाड्या लंडनच्या उत्तरेकडून येतात, शहराच्या पोटातून जातात आणि सेंट पँक्रास, फॅरिंग्डन, ब्लॅकफ्रायर्स, लंडन ब्रिज अशी स्टेशनं घेत ब्रायटनला पोहोचतात. सेंट पँक्रासहून सव्वा तास किंवा थोडा जास्त वेळ लागतो. तुमची लेक उत्तर किंवा वायव्य लंडनमध्ये राहत असेल तर व्हिक्टोरियापर्यंतचा हेलपाटा वाचतो. आम्ही हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनने थेट फॅरिंग्डनला आलो आणि तिथे थेम्सलिंक पकडली. एकदाच गाडी बदलायची! ब्लॅकफ्रायर्स स्टेशनाचे फलाट तर चक्क नदीवरच्या पुलावर आहेत. गाडी थांबली की दोन्ही बाजूंना थेम्सचं पाणी. विहीणबाईंनी सवयीने पर्समधलं नाणं चाचपलं. पण खिडक्या उघडत नाहीत, तेव्हा नुसता नमस्कार करा!

पुढे क्रॉयडन, गॅटविक मागे पडलं की खरी हिरवळ सुरू होते. हेवर्ड्स हीथ स्टेशनाच्या थोडं आधी गाडी एका दरीवरून जाते. हा औज नदीवरचा पूल. 37 कमानींचा, जवळजवळ साडेचारशे मीटर लांब, आणि त्याला सुमारे एक कोटी दहा लाख विटा लागल्या असं सांगतात. गाडीत बसून पूल काही दिसत नाही. पण एकाएकी दोन्ही बाजूंची जमीन खाली जाते आणि गुरं खेळण्यातली वाटू लागतात, तेव्हा समजावं की पूल आला.

तिकिटाचा हिशेब

आता पैशाचं बोलू. पौंडाला रुपयांनी गुणायची खोड आपल्याला असतेच. ती मोडता येत नाही, पण तिकीट मात्र स्वस्त पाडता येतं.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. सकाळी कचेरीच्या गर्दीच्या वेळचं तिकीट महाग असतं. ती वेळ टळून गेली की जे 'ऑफ-पीक' तिकीट मिळतं ते बरंच स्वस्त. शनिवारी-रविवारी तर दिवसभर हेच तिकीट चालतं. बाळाची अंघोळ, बाळंतिणीचा नाश्ता आटोपून निघालं की आपली ऑफ-पीक वेळ आपोआप गाठली जाते! त्याच दिवशी परतायचं असेल तर जाण्यायेण्याचं एकत्र तिकीट मागा. दोन वेगळी तिकिटं काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट म्हणजे सवलत. साठीच्या पुढच्या माणसांसाठी 'सीनियर रेलकार्ड' मिळतं. त्यावर वर्षभर तिकिटाचा एक तृतीयांश भाग माफ होतो. ते परदेशी पाहुण्यांनाही मिळतं, पासपोर्ट दाखवला की झालं. दोघं कायम बरोबरच फिरणार असाल तर 'टू टुगेदर' नावाचं एकच कार्ड दोघांत काढता येतं. त्याला वयाची ज्येष्ठता लागत नाही. तुम्ही आणि यजमान, नाहीतर तुम्ही आणि विहीणबाई! मात्र त्यावर ज्या दोघांची नावं आणि फोटो आहेत त्यांनीच, आणि दोघांनी मिळूनच, प्रवास करायचा. नुसत्या एका प्रवासासाठी कार्ड काढलं तर त्याचे पैसेही वसूल होत नाहीत. सहा महिन्यांत तीन-चार ठिकाणी जाणार असाल तरच काढा.

आणि तीन ते नऊ जणी एकत्र निघालात तर कार्डाशिवायही एक तृतीयांश सूट मिळते. तिकीट काढताना 'ग्रुपसेव्ह' असं सांगायचं. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. लंडनमध्ये 1932 सालापासून आपलं महाराष्ट्र मंडळ आहे. तिथे दोन-तीन ओळखी झाल्या की अशी टोळी जमायला वेळ लागत नाही.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. काही स्वस्त तिकिटं ठराविक गाड्यांनाच चालतात. व्हिक्टोरियाहून सुटणाऱ्या जलद गाड्यांमध्ये ती चालतीलच असं नाही. तिकिटावर तसं छापलेलं असतं. आगाऊ काढलेलं 'अॅडव्हान्स' तिकीट तर त्याच वेळच्या त्याच गाडीचं. ती चुकली की तिकीट वाया. चुकीच्या गाडीत बसलात तर दंड होतो. तेव्हा काढण्यापूर्वी विचारा, "हे कुठल्याही गाडीला चालतं ना?" विचारण्यात कमीपणा नाही. कमीपणा दंड भरण्यात आहे.

आणि हो, लंडनमध्ये बस आणि भुयारी रेल्वेसाठी मुलांनी तुम्हाला निळं ऑयस्टर कार्ड दिलेलं असेल. ते गॅटविकपर्यंतच चालतं. त्याच कार्डावर ब्रायटनला जाऊन उभ्या राहू नका.

बस: खिशाला हलकी, वेळेला जड

व्हिक्टोरिया रेल्वे स्टेशनापासून पायी दहा मिनिटांवर व्हिक्टोरिया कोच स्टेशन आहे. आपलं स्वारगेट किंवा मुंबई सेंट्रल समजा. तिथून ब्रायटनला बस जाते. तिला तिथे बस न म्हणता 'कोच' म्हणतात. लंडनमधल्या लाल बससाठी 'बस' हा शब्द आणि गावाबाहेर जाणारीसाठी 'कोच'. शब्द चुकला की माणूस भलत्याच थांब्याकडे बोट दाखवतो.

कोचचं तिकीट आधीपासून काढून ठेवलं तर आगगाडीपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडतं. बसायला जागा ठरलेली, सामान पोटात ठेवायची सोय, मागे स्वच्छतागृह. पण वेळ दोन तासांच्या वर जातो, आणि लंडनमधून बाहेर पडताना वाहतूक तुंबली तर आणखी. ज्यांना बस लागते त्यांनी खिशात लिंबू किंवा आवळासुपारी ठेवावी. एक फायदा असा की कोच समुद्रापासून अगदी जवळ उतरवतो. गुडघे दुखत असतील तर हा मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे.

मोटार: मुलांबरोबर जाताना

जावई म्हणतील, "आई, मी गाडीने नेतो ना!" बाळ बरोबर असेल तर मोटार बरीच. दुपटी, बाटल्या, बाबागाडी सगळं मावतं. लंडनभोवतीचा एम-25 नावाचा मोठा वळसा-रस्ता, तिथून एम-23 आणि पुढे ए-23 असा सरळ मार्ग आहे. वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. तुमचे यजमान मोटार चालवत असतील तर आपल्याकडचा परवाना तिथे पाहुण्यांना वर्षभर चालतो.

पण दोन अडचणी. ब्रायटनच्या मध्यभागी गाडी उभी करायला जागा मिळणं कठीण आणि मिळाली तरी महाग. उन्हाळ्यातल्या रविवारी तर जागा शोधण्यातच अर्धी हौस फिटते. दुसरं म्हणजे लहान बाळासाठी गाडीत वेगळं आसन लागतं. आपण बाळ मांडीवर घेऊन पुढे बसतो तसं तिथे चालत नाही. भाड्याची टॅक्सी केलीत तरी हे आधी विचारून घ्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मात्र मोटारीने जाऊ नये, किंवा मुद्दाम जावं! त्या दिवशी 1905 पूर्वीच्या जुन्यापुराण्या मोटारी लंडनहून ब्रायटनपर्यंत धुरळा उडवत येतात. 1896 साली मोटारींची वेगमर्यादा वाढवून ताशी 14 मैल केली, त्या आनंदाची ही आठवण.

विमानतळावरून थेट

काही जणींच्या मुली ब्रायटनलाच असतात. तिथल्या विद्यापीठांमुळे मुलंही शिकायला जातात. त्यांनी लंडनमध्ये शिरायची गरज नाही.

गॅटविक विमानतळावर उतरलात तर स्टेशन विमानतळाला लागूनच आहे. तिथून ब्रायटन अर्ध्या तासावर. मुंबईची विमानं मात्र बहुधा हीथ्रोला उतरतात. हीथ्रोहून ब्रायटनला थेट कोच आहे. साधारण दोन-अडीच तास लागतात, कधी जास्त. पण दोन मोठ्या बॅगा आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन गाड्या बदलण्यापेक्षा तेच बरं. सामान कमी असेल तर 2022 साली सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनने हीथ्रोहून फॅरिंग्डनला यावं आणि तिथे ब्रायटनची थेम्सलिंक धरावी. फॅरिंग्डनला लिफ्ट आहेत, जिने चढायला नकोत.

चालायला त्रास असणाऱ्यांसाठी एक सोय सांगते. आगगाडीने जाताना 'पॅसेंजर असिस्ट' मागितलं की स्टेशनातला माणूस गाडीत बसवून देतो आणि उतरवून घेतो. पैसे पडत नाहीत. आधी कळवलं तर उत्तम. ही मेहेरबानी नाही, प्रवाशाचा हक्क आहे.

बरोबर काय घ्यावं?

ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाळू नाही! जुहू-गणपतीपुळ्याच्या कल्पनेने जाऊ नका. सगळे गोल गोटे. चपला घालून चालता येत नाही, पाय मुरगळतो. बूट हवेत. वारा असा की छत्री उलटी होते, म्हणून डोक्याला बांधायचा रुमाल आणि अंगात वारा न शिरणारा कोट घ्या. साडी नेसणार असाल तर पदराला पिन हवीच. आम्ही दोघी सलवार-कमीज आणि वर कोट अशा गेलो. चार बायकांनी पाहिलं असेल, बोललं कुणी नाही.

डबा घरचा घ्यावा. आम्ही धपाटे आणि दह्यातली चटणी नेली होती. पण उघड्यावर बसून खाताना सावध राहा. तिथले समुद्रपक्षी, सीगल, हातातला घास पळवतात. आपल्याकडच्या देवळातली माकडंच समजा, फक्त पंख असलेली. विहीणबाईंचं अर्धं धपाटं असंच गेलं. त्या म्हणाल्या, "असू दे, काकबळी झाला."

उतरल्यावर

स्टेशनाबाहेर आलं की समोर सरळ उताराचा रस्ता. पंधरा मिनिटांत समुद्र. परतताना मात्र तोच चढ असतो. तेव्हा येताना चालावं आणि जाताना बस धरावी, हे माझं अनुभवाचं सांगणं.

वाटेत थोडं वळून रॉयल पॅव्हिलियन पाहायचंच. चौथ्या जॉर्ज राजाने जॉन नॅशकडून 1815 नंतर बांधून घेतलेला हा महाल. घुमट आणि मनोरे असे, की आपण हैदराबादेत आलो की काय असं वाटावं. पहिल्या महायुद्धात, 1914 च्या डिसेंबरात, याच महालात आपल्या हिंदी जवानांसाठी इस्पितळ उघडलं. फ्रान्सच्या रणभूमीवर जखमी झालेले शीख, गुरखा, पठाण, डोगरा शिपाई झुंबरांखाली खाटांवर निजले. ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे जेवण मिळावं म्हणून वेगवेगळी नऊ स्वयंपाकघरं होती! ते वाचताना आम्ही दोघी थबकलो. कुणाकुणाच्या आयांना घरी पत्र गेलं असेल, कुणाला गेलंच नसेल.

जे हिंदू आणि शीख जवान वाचले नाहीत त्यांच्यापैकी 53 जणांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला. त्या जागी 1921 साली संगमरवरी छत्री उभारली. तिचं नावच 'छत्री' आहे. पॅचमपर्यंत बस जाते, पुढे टेकडीची पायवाट चढावी लागते. आम्हाला त्या दिवशी झेपलं नाही. तुमचे पाय धड असतील तर जा आणि आमच्याही वतीने हात जोडा.

आणखी एक गंमत. तुमच्या न्हाणीघरातल्या शाम्पूचा या गावाशी संबंध आहे. पाटण्यात 1759 साली जन्मलेले दीन महंमद इथे येऊन स्नानगृह चालवत आणि लोकांना आपली चंपी-मालीश करत. राजाच्या पदरी 'शाम्पूइंग सर्जन' म्हणून त्यांची नेमणूक होती! 1851 साली ते इथेच वारले.

किनाऱ्याच्या कडेने 1883 सालापासून एक चिमुकली विजेची गाडी धावते, व्होल्क्स रेल्वे. जगातली आजही चालू असलेली सर्वांत जुनी विजेची रेल्वे ती. थंडीत बंद असते. विहीणबाई त्यात लहान मुलीसारख्या बसल्या.

आमची फजिती

जाताना तिकीट विहीणबाईंनीच काढायचं असं मी ठरवून टाकलं होतं. फॅरिंग्डनच्या यंत्रापुढे त्या पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. मागे माणसं आली की बाजूला होत. मग चष्मा लावून एकेक बटण वाचलं, कार्ड लावलं आणि खाली तिकिटं पडली. ती दोन्ही हातांनी उचलली, प्रसाद घ्यावा तशी.

फजिती परतताना झाली. संध्याकाळी पाच वाजता स्टेशनावर आलो. फलकावर 'लंडन' शोधत होतो. समोर एक गाडी उभी होती, तिच्यावर 'बेडफर्ड' लिहिलेलं. "हे कुठलं गाव? ही आपली नव्हे," असं म्हणून सोडून दिली. पलीकडची गाडी सुटायच्या बेतात दिसली, लोक धावत होते, आम्हीही धावून चढलो. पाच मिनिटांत 'होव्ह' नावाचं स्टेशन आलं. येताना हे काही लागलं नव्हतं! आम्ही समुद्राकाठाने पश्चिमेला निघालो होतो.

माझ्या पोटात गोळा आला. मोबाइलची बॅटरी फोटो काढून काढून संपलेली. घरी लेक वाट पाहत असणार, बाळाची रडायची वेळ. मी नुसती "आता हो काय" करत राहिले. विहीणबाई मात्र उठल्या, माझा हात धरला आणि उतरल्या. फलाटावरच्या माणसाला तिकीट दाखवून त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, "लंडन. चुकलो. दोघी." तो हसला, आम्हाला पलीकडच्या फलाटावर नेलं आणि ब्रायटनच्या गाडीत बसवून दिलं. तिथे मग आम्ही नीट विचारलं. आम्ही सोडून दिलेली ती बेडफर्डची गाडीच आमची होती! थेम्सलिंकच्या गाड्या लंडन ओलांडून पुढे जातात, म्हणून त्यांच्यावर लंडन लिहिलेलं नसतं. शेवटच्या गावाचं नाव असतं. कल्याणला जायचं आणि 'कसारा' पाहून गाडी सोडायची, तसलाच प्रकार!

घरी पोहोचायला दीड तास उशीर झाला. लेक दारातच रागावली, "आई, तू एक फोन तरी करायचास!" जावई विहीणबाईंना म्हणाले, "आई, पुन्हा असं एकटं जायचं नाही." त्यावर विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "एकटी कुठे? आम्ही दोघी होतो. आणि पुढच्या वेळी बॅटरी भरून नेऊ." पुढच्या वेळी! माझ्या लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही चौघंही हसलो.

हे लक्षात ठेवा

• निघण्याच्या आदल्या रात्री गाड्या चालू आहेत का ते पाहा. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी रुळांची दुरुस्ती निघते आणि मध्येच बसने जावं लागतं.

• कचेरीची वेळ टाळा. संध्याकाळी पाच ते सात परतीच्या गाड्यांनाही गर्दी असते.

• फलकावर शेवटच्या स्टेशनाचं नाव असतं. व्हिक्टोरियाची असो की बेडफर्ड-केंब्रिजची, मधली स्टेशनं वाचा.

• मुलीचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. मोबाइलची बॅटरी माणसासारखीच, गरजेच्या वेळी दमते.

• तिकीट शेवटच्या फाटकापर्यंत जपा. बाहेर पडतानाही ते लागतं.

• औषधं, चष्मा, बूट, कोट आणि थोडी सुटी नाणी. पाण्याची रिकामी बाटली न्या, नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

मैत्रिणींनो, मुलं आपल्याला जपतात, हे आपलं भाग्यच. पण जपलं जाता जाता आपण आपले हातपाय विसरतो. नातवंडांचं सगळं करावं, हौसेने करावं, आणि महिन्यातून एक दिवस आपला म्हणून मागून घ्यावा. आधी घरात नीट सांगून, वेळ ठरवून आणि फोन भरून!

परतीचं तिकीट फाटकाने गिळलं तेव्हा विहीणबाई हिरमुसल्या होत्या. पण यंत्रातून निघालेली पावती त्यांच्याकडे होती. ती त्यांनी पोथीत ठेवली आहे. आता त्यांच्या गावी परतल्यावर त्या मला पत्र नाही, फोन करतात, आणि पहिलं वाक्य असतं, "काय विहीणबाई, पुढची गाडी कितीची?"